करिअरवाल्या बाईंचं गप्प बसणं

जळगाव,
ऑक्टोबर १९९४, घट बसायच्या आदल्या दिवशी

प्रिय मंदा,

तुझं अंतर्देशीय मिळून आठवडा होत आला. एवढा निळा कागद आणि त्यावर एकच ओळ, "प्रमिला, माझा लीलाधर कुठे आहे?" वर 'प्रिय' नाही, खाली सही नाही. धुळ्याला डी.एड.च्या होस्टेलात एका खोलीत राहिलो तेव्हापासून तू मला पत्रं लिहितेस, पण इतकं कोरडं कधी लिहिलं नव्हतंस. लिहिलंस ते बरोबरच आहे. तुझा मुलगा श्रावणापासून बेपत्ता आहे, त्याच्या जळगावातल्या खोलीला भलत्याच कुणाचं तरी कुलूप आहे, आणि तो कुठे गेला हे प्रमिलाला ठाऊक असणार, असं त्याच्या बापानं, मोतीलालभाऊंनी, तुला सांगितलं. खरं तेच सांगितलं त्यांनी. मला ठाऊक आहे. तरी त्यांना मी दारातूनच परत पाठवलं, आणि तुला उत्तर लिहिलं नाही. आत्ता पेन हातात घेतलंय तेव्हासुद्धा पत्ता लिहावा की नाही, हे माझं ठरलेलं नाही. तुला संताप येईल. येऊ दे. पण पत्र फाडू नकोस, वाचत जा.

आधी माझ्या धंद्याचं सांगते. तो धंदा मध्ये नसता तर हे असं घडलंच नसतं. तुला आठवतं, शाळेत शिकवत असताना मी मुंबईला जाऊन तो सरकारी कोर्स करून आले होते आणि 'करिअर मास्तर' झाले होते? शाळेनं त्याचं काय केलं, तर शनिवारचा शेवटचा तास दिला. पोरं दप्तरं आवरून बसायची आणि मी त्यांना सांगायची की प्रत्येकाचा कल वेगळा असतो. मुख्याध्यापकांचा कल घंटेकडे. शेवटी दोन वर्षांपूर्वी नोकरी सोडली आणि बळीराम पेठेत टायपिंग क्लासच्या वरची खोली घेतली. पेंटरकडून पाटी करून घेतली, 'व्यवसाय मार्गदर्शन केंद्र'. नात्यागोत्यातल्या सगळ्यांनी सांगितलं, प्रमिला, हे हात दाखवून अवलक्षण आहे. एकटी बाई, बरी नोकरी, कशाला हा उद्योग? तू एकटीच म्हणाली होतीस, कर. तेव्हा तुझा फार आधार वाटला होता गं.

पण माणसं कुठून आणायची, हे त्या कोर्सात कुणी शिकवलं नव्हतं. तिथे कलचाचणी कशी घ्यायची ते शिकवलं, मुलाशी बोलताना खुर्ची कशी तिरकी ठेवायची ते शिकवलं, आणि समोर येणाऱ्याला गिऱ्हाईक न म्हणता 'मार्गदर्शनार्थी' म्हणायचं, हेही शिकवलं. ते मार्गदर्शनार्थी माझा जिना चढेनात. पेपरात घालून पत्रकं वाटली. पाचोऱ्याला, साक्रीला, शिरपूरला शाळाशाळांतून फुकट भाषणं दिली. सगळीकडे नारळ मिळाला, टाळ्या मिळाल्या आणि एसटीत उभं राहून परत आले. त्या वर्षी घरात खोबऱ्याच्या चटणीला तोटा नव्हता. दहावीच्या निकालाच्या दिवशी मी सकाळपासून केंद्र झाडून, फुलदाणीत फुलं ठेवून बसले. संध्याकाळपर्यंत दोन माणसं आली, आणि दोघंही टायपिंग क्लासची.

मग हळूहळू आले, पण ते भलतंच विचारायला. एक जण म्हणाला, बाई, डी.एड.ची सीट करून देता का? मी म्हटलं, मी सीट देत नाही, सल्ला देते. तर तो हसला आणि म्हणाला, सल्ला तर आमच्या टपरीवर पानासोबत फुकट मिळतो. एकानं मुलाच्या मार्कांसोबत पत्रिका टेबलावर ठेवली आणि म्हणाला, दोन्ही जुळवून सांगा. रावेरकडचे एक केळीवाले आबा पोराला घेऊन आले. पोरगा हुशार होता, शेतीत रमणारा होता, मी म्हटलं याला शेतकी कॉलेजात घाला. आबा म्हणाले, हे मला आधीच ठाऊक होतं, तुम्ही फक्त त्याच्या आईला सांगा. अशी गंमत. तेव्हा तुला ही गंमत मी लिहून कळवायची आणि तू उलट टपाली लिहायचीस की वाचून मोतीलालभाऊसुद्धा हसले. मी हसत नव्हते मंदा. घरी येऊन भिंतीकडे बघत बसायची.

आणि मग धंदा चालायला लागला. का, ते तुला कधी लिहिलं नाही, कारण लाज वाटत होती. मुलं आलीच नाहीत; मुलींचे बाप यायला लागले. कुणीतरी कुठेतरी उठवलं की बळीराम पेठेत एक करिअरवाली बाई बसते, कुठला कोर्स चालतो, कुठली नोकरी टिकते, सगळं सांगते. झालं! बापाला दुसरं काय हवं असतं? पोरीला स्थळ आलंय, मुलगा डी.फार्म. करतो, पुढे दुकान निघेल का? मुलगा बँकेच्या परीक्षा देतो म्हणतो, लागेल का? आधी माझा जीव जळायचा. मी पोरांना वाट दाखवायला बसले होते, आणि हे लोक माझ्याकडून पोरांची पारख करून घेत होते, बैलबाजारात दात बघतात तशी. पण खोलीचं भाडं द्यायचंच होतं. शिवाय मनाला समजावलं की या निमित्तानं एखाद्या मुलीचं तरी भलं होईल. कोर्सची माहिती मी द्यायची, मुलाविषयी मात्र बोलायचं नाही, असा नियम केला. माहितीपुरतं बोलत होते तोवर तो निभला.

आता लीलाधरचं. मंदा, इथून पुढे सावकाश वाच.

मागच्या वर्षी दिवाळीनंतर तो माझ्या जिन्यावर उभा होता. मी म्हटलं, अरे घरी ये की, इथे कशाला? तर म्हणाला, मावशी, आज घरी यायचं नाहीये, इथेच यायचंय. आत आला, सल्ल्याला येणाऱ्या लोकांच्या खुर्चीवर बसला आणि आधी माझी फी टेबलावर ठेवली. मी रागावले. तो म्हणाला, "फी घ्या, म्हणजे तुम्ही मावशी नाही. मग मी जे सांगेन ते आईकडे जाणार नाही." मी फी घेतली. ती घेतली म्हणून आजवर तोंड दाबून बुक्क्यांचा मार खाते आहे.

त्यानं सांगितलं ते असं. तो इंजिनियर झालेला नाही. दुसऱ्या वर्षाचे विषय सुटेनात, पुन्हा पुन्हा बसला, तरी सुटेनात, आणि शेवटी कॉलेज सोडून दिलं. तुम्हाला वाटत होतं तो शिकतोय, तेव्हा तो इथे जळगावात एमआयडीसीत चटईच्या कारखान्यात मदतनीस म्हणून लागलेला होता. मग तुम्ही पेढे वाटले, 'आमचा लीलाधर जळगावच्या कंपनीत इंजिनियर लागला' म्हणून, ती कंपनी म्हणजे हाच कारखाना. प्लास्टिकच्या चटया विणतात तो. धुळ्याला येताना तो इस्त्रीचा शर्ट घालून यायचा आणि हात खिशात ठेवायचा. तू मला एकदा लिहिलं होतंस, की हल्ली फार मोठ्या माणसासारखा वागतो, ताटावर बसेपर्यंत हात बाहेर काढत नाही. त्याच्या बोटांना यंत्राचं काळं ऑइल असायचं गं. ते साबणानं जात नाही.

मी त्याची कलचाचणी घेतली, रीतसर. आणि तुला सांगते, इतक्या दिवसांत इतका स्वच्छ निकाल दुसऱ्या कुणाचा बघितला नाही. पुस्तकात त्याचं मन नाही, हातात आहे. बंद पडलेला माग तो नुसता आवाज ऐकून कुठे अडलाय ते सांगायचा. कारखान्यात मदतनिसाचा फिटर झाला होता, आणि जुने फिटर त्याला बोलवायला यायचे. मी त्याला म्हटलं, तू चुकीच्या जागी नाहीस, बरोबर जागी आहेस, फक्त चोरासारखा आहेस. आयटीआयचं सर्टिफिकेट बाहेरून कसं मिळवता येईल ते काढून दिलं. त्या दिवशी तो जिना उतरताना शीळ घालत होता. केंद्र काढल्यापासूनचं माझं एकच खरंखुरं यश ते, आणि ते मी कुणालाच सांगू शकत नव्हते, तुला तर नाहीच.

दर भेटीत मी म्हणायची, आईला सांग. तो म्हणायचा, संक्रांतीला सांगतो. मग होळीला सांगतो. मग सांगायला गेला त्याच दिवशी मोतीलालभाऊंनी त्याला नवं घड्याळ दिलं, चारचौघांत, 'आमचे इंजिनियर साहेब' म्हणून. तसाच परत आला. मोतीलालभाऊंना मी दोष देत नाही, असं लिहिणार होते, पण खोटं कशाला लिहू? देते. त्यांना मुलगा कसा आहे ते बघायचंच नव्हतं, त्यांना दुकानात आलेल्या माणसाला सांगायला काहीतरी हवं होतं. आणि तुलाही थोडा देते. तुझी नजर तरबेज आहे, तू ते ऑइल ओळखायला हवं होतंस.

त्यातच जीवराम आबांच्या सुनंदाचं स्थळ आलं. शिरपूरकडची चांगली माणसं, कापसाची शेती, मुलगी बारावी झालेली, शांत. तुम्ही होकार दिलात, सुपारी फोडायचा दिवसही धरलात. लीलाधर माझ्याकडे येऊन डोकं धरून बसला. मी म्हटलं, आता तरी बोल, एका मुलीच्या जन्माचा प्रश्न आहे. म्हणाला, रविवारी जातो आणि सांगतो. त्या रविवारच्या आत आबा माझा जिना चढून आले.

ते येणारच होते. तुम्ही त्यांना बोलण्याच्या ओघात सांगितलं होतं ना, की आमची प्रमिला लीलाधरला लहानपणापासून ओळखते? धोतर, टोपी, हातात पिशवी. बसले, पाणी प्यायले, मी दिलेला चहा हातात घेऊन बोंडअळीचं बोलले. मग म्हणाले, "बाई, पोऱ्या कसा शे, इतलंच सांगा. बाकीनं आम्ही देखी लेसूत."

मंदा, तू खान्देशातच वाढलीस. सोयरीकीच्या चौकशीला आलेल्या माणसाला आपल्याकडे वाईट कुणी सांगत नाही. पाप मानतात. चांगलं सांगण्यासारखं असेल तर भरभरून सांगायचं, आणि नसेल तर चहा द्यायचा आणि पाऊसपाण्याचं बोलायचं. विचारणारा चहा पितो, समजतो, उठतो. हे मला काय ठाऊक नव्हतं? पण त्या खुर्चीत बसले की मी खान्देशातली राहत नव्हते, त्या मुंबईच्या कोर्साची व्हायची. मी म्हटलं, आबा, लीलाधर माझ्याकडे मार्गदर्शनाला येतो. इथे येणाऱ्या कुणाविषयीही मी बाहेर बोलत नाही, चांगलं नाही आणि वाईटही नाही. हा इथला नियम आहे.

आबांनी कपातला चहा एका घोटात संपवला आणि त्यांनीच विचारलं, औंदा तुमच्याकडे पाऊस कसा काय? मी घाईघाईनं म्हटलं, आबा, तसं नाही, मुलगा फार गुणी आहे. पण जे पहिल्यांदा सांगायचं ते मागाहून सांगितलं की कोण खरं मानतं? ते जिन्यापर्यंत गेले, वळले आणि हात जोडून म्हणाले, "समजनं बाई. तुम्हना उपकार व्हयनात." मी त्यांच्यामागे रस्त्यापर्यंत गेले. जितकं 'तसं नाही' म्हणत गेले तितके ते जोरात चालत गेले.

काय सांगायला हवं होतं मी, तूच सांग. 'चांगला आहे' म्हटलं असतं तर त्यांनी 'चांगला इंजिनियर आहे' असं ऐकलं असतं, आणि सुनंदा एका खोट्याच्या घरात आली असती. 'इंजिनियर नाही' म्हटलं असतं तर ज्यानं विश्वासानं सांगितलं त्याचा गळा कापला असता. गप्प राहणं एवढीच वाट मला दिसली. आणि माझ्या त्या गप्प राहण्याचं लोकांनी काय काय केलं! लग्न मोडलं, आणि आठ दिवसांत मुलगा दारू पितो झालं, मग त्याची इथे कुणी बाई आहे झालं, मग त्याला कसला तरी रोग आहे झालं. खरं काय ते कुणाच्याच डोक्यात आलं नाही, कारण खरं फार साधं होतं. मोतीलालभाऊ केंद्रावर आले आणि भर रस्त्यात उभं राहून मला नको ते बोलले. मी खिडकीत उभी राहून ऐकून घेतलं. त्यानंतर माझ्याकडे कुणी आलं नाही. मुलं येत नाहीत कारण बाई बोलते म्हणतात, आणि बाप येत नाहीत कारण बाई बोलत नाही म्हणतात. गणपतीत पाटी काढून घेतली. खोलीत आता टायपिंगवाल्यांची जुनी मशिनं ठेवलेली आहेत.

लीलाधर जायच्या आधी मला भेटून गेला. मी त्याला म्हटलं, चूक माझी असेल तर मला बोल. तो म्हणाला, मावशी, तुम्ही शब्द पाळला, पण आता कुठल्या तोंडानं घरी जाऊ? दुसऱ्या गावी माग आहेत, फिटरला काम आहे, तिकडे जातो. पत्ता मला दिला, म्हणजे मेलो-जगलो कुणाला तरी कळेल, आणि शपथ घातली की आईला द्यायचा नाही. फी दिलेली आहे, हेही बोलला. हसून बोलला, पण बोलला. म्हणून मोतीलालभाऊंना मी दारातून परत पाठवलं. म्हणून तुझ्या ओळीला उत्तर नव्हतं. मला अजूनही वाटत होतं की त्याला वेळ द्यावा, तो होऊन येईल.

आता ते गाव कुठलं, ते ऐक. सुरत. तुझ्या हातून पत्र गळून पडलं असेल, उचल आणि पुढे वाच. तुमच्या धुळ्यातही गल्लोगल्ली सुरतेची पोरं परत आली असतील, लोक त्यांना लांबूनच भाकरी देत असतील, तूही कुणाच्या तरी आईला धीर दिला असशील आणि मनात म्हणाली असशील, बरं, माझा तरी सुरतेला नाही. प्लेगची बातमी आल्यापासून मी रोज जळगाव स्टेशनवर जाते. सुरतेहून भुसावळला जाणारी गाडी आली की माणसं खिडक्यांतून उतरतात, नाकातोंडाला फडकी बांधलेली, आरोग्य खात्याची माणसं हातावर टेट्रासायक्लीनच्या गोळ्या ठेवतात. मी प्रत्येकाचा चेहरा बघते. त्याला पत्र टाकलं, उत्तर नाही. काल त्याच्याच खोलीतला एक जण उतरला, मगन नावाचा, पारोळ्याकडचा. त्यानं सांगितलं, खोलीतले सगळे निघाले, लीलाधर तेवढा राहिला. अंगात थोडी कणकण होती म्हणाला, आणि लगेच म्हणाला, मागाच्या धुळीची असेल. यानं त्याला हाताला धरून ओढलं, चल म्हणून. तर तो म्हणाला, "घर त्या इंजिनियरनी वाट देखी राहिनात, मनी नही." तुम्ही वाट बघता ती त्या इंजिनियरची, त्याची नाही, असं त्याच्या मनात बसलंय.

मंदा, नियम मोडते आहे. त्यानं पुन्हा माझं तोंड बघितलं नाही तरी चालेल. एकदा गप्प राहिले आणि लोकांनी त्याचं वाटोळं केलं. आता गप्प राहिले तर तो तिथेच राहील. पत्ता लिही: उधना, रेल्वे फाटकापलीकडे खान्देशी लोकांची चाळ, मगनच्या मामाची खोली, खाली सायकलवाला आहे. मगनचं नाव विचारलं की कुणीही दाखवतं. धुळ्याहून सुरतेच्या एसटी बंद असल्या तरी नंदुरबारहून गाडी चालू आहे, तिकडे जाणारे डबे रिकामेच असतात. मी आजच्या गाडीनं निघते आहे, म्हणून हे पत्र टपालात न टाकता बसवाल्याच्या हाती देते. पण माझ्यानं तो येणार नाही. मी त्याची करिअरवाली बाई, मी बोलावलं तर तो पुन्हा शपथ घालेल. तू ये. मोतीलालभाऊ येत असतील तर त्यांनाही आण, नसतील तर त्यांना न विचारता नीघ. आणि दारात उभी राहिलीस की त्याला दुसरं काही विचारू नकोस. फिटर लीलाधर इथेच राहतो का, एवढंच विचार, मोठ्यानं, सगळ्या चाळीला ऐकू जाईल असं.

तू मानशील तोवर तुझीच,
प्रमिला